बारा दातांचं स्प्रॉकेट

४ मार्च

काका,

फोन तुम्ही उचलत नाही. दोनदा उचललात तेव्हा नुसतं "हॅलो हॅलो" करून आपटलात. बाबांवरचा राग माझ्यावर कशाला? तुमचा पत्ता तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मागे लागून काढला, म्हणून पत्र लिहितेय. हे वाचून फाडलंत तरी चालेल, पण आधी वाचा.

बाबांच्या किडन्या गेल्या आहेत. हे तुमच्या कानावर आलं असेलच, आपल्या माणसांच्या पोटात काही राहत नाही. आठवड्यातून तीनदा त्यांना खालच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागतं. नाही नेलं की अंगावर सूज येते, आडवं होता येत नाही, रात्रभर उशीला टेकून धापा टाकत बसतात. आणि नेमका आता घाटातला रस्ता खचलाय. डोंगराचा एक लचका गेल्यासारखा अर्धाच उरलाय. बस बंद, चारचाकी बंद. फक्त दुचाकी जाते. खाणीतला माल उतरत नाही, त्यामुळे मी वजनकाट्यावर नुसती बसून अर्धा पगार घेते.

म्हणून शेडमधली तुमची टू-स्ट्रोक बाहेर काढली. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. लहानपणी तुमच्या पायाशी बसून वॉशर निवडले ते वाया गेलं नाही. सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी जाते. चढावर मात्र माझ्या नाकी नऊ येतात. मोठ्या वळणावर वेग कमी झाला की पूर्ण रेस दिली तरी नुसती घुरघुरते आणि बंद पडते. पहिल्या गिअरमध्येसुद्धा. मग बाबा उतरतात आणि ढकलायला बघतात. चार तास मशीनला लागून आलेला माणूस, काका. परवा ते रस्त्यातच खाली बसले.

त्यांना या पत्राचं माहीत नाही. ते तुमच्या गाडीवर बसतात, पण तिला गाडी म्हणत नाहीत. "ते काढ बाहेर" म्हणतात.

एकदा याल का? तुम्ही नुसता आवाज ऐकून सांगायचात, पिस्टन की बेअरिंग. एकदा ऐकून जा, बाबांशी बोलू नका हवं तर.

तुमची पुतणी


१२ मार्च

वॉशरबाई,

फाडलं नाही. फोनचं सोड, मला त्या यंत्राशी बोलायला आवडत नाही. यायला सवड नाही, पंप दुरुस्तीच्या दुकानात मी एकटाच आहे आणि मालकाला माझ्याशिवाय एक नट सुटत नाही. पण आवाज ऐकायची गरजही नाही. तू लिहिलंस तेवढ्यावरून कळलं.

गाडीला काही झालेलं नाही. ती अशीच आहे, मीच तशी बांधली होती. नीट वाच.

तुझ्या बापाने जन्मभर ट्रक चालवला. ट्रकचं इंजिन खालून ओढतं. हळू फिरू दे, जोरात फिरू दे, ओझं घेऊन निमूट चालतं. ही तशी नाही. एवढंसं इंजिन, त्यातून मी शर्यतीसाठी सिलिंडरमधली हवेची भोकं घासून रुंद केली, सायलेन्सर बदलला. तिची सगळी ताकद फिरण्याच्या वेगाच्या एका अरुंद पट्ट्यात आहे. इंजिन त्या पट्ट्यात फिरत असेल तर ती तुम्हा दोघांना उचलून नेईल. त्याच्या खाली उतरलं की रेस कितीही पिळ, ती तुझं ऐकणार नाही. गिअर असतात ते एवढ्याचसाठी, की रस्ता कसाही असो, इंजिन आपल्या पट्ट्यात राहावं.

आता पुढे बघ, इंजिनाच्या बाजूला, चेन ज्याच्यावर फिरते ते छोटं स्प्रॉकेट. पंधरा दातांचं आहे. ते मी सपाट रस्त्यावर पळवायला लावलं होतं. त्याने इंजिनाच्या एका फेरीत चाक जास्त पळतं. म्हणजेच चाक हळू झालं की इंजिन फारच हळू होतं, आणि वळणावर पट्ट्यातून घसरतं. बारा दातांचं घे, चेनही नवी घे आणि लाव. वरचा वेग जाईल, तो तुला कुठे हवाय? चढावर इंजिन जोरात फिरेल, ओरडेल. ओरडू दे. तिचं ओरडणं म्हणजे तब्येत चांगली असणं.

पुढचं लहान झालं की चेन सैल पडेल, मागचं चाक सरकवून ताण. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घाल, अंदाजाने नाही.

दादाला यातलं काही सांगू नकोस. माझा पाय वाचवायच्या ऑपरेशनसाठी त्याने माझी हत्यारं विकली, हे उपकार मी मानतो. पण मला विचारलं असतं तर मी पाय दिला असता.

काका


२९ मार्च

काका,

लागलं. दुकानदार म्हणाला पंधराच्या जागी बारा कोण लावतं, मी म्हटलं ज्याला डोंगर चढायचाय तो लावतो. मग त्याने फळीवरून काढून दिलं.

पहिल्या दिवशी वळणावर मी डोळे मिटायचेच बाकी होते. ती एकदा अडखळली, मग आवाज चढला आणि सरळ वर गेली. मी पूर्ण रस्ता रडत आले, हेल्मेटमध्ये कोणाला दिसतं. वरती पोचल्यावर बाबा गाडीवरून उतरले, चेनकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "धाकट्याला विचारलंस वाटतं." मी चावी काढत राहिले. ते आत गेले, पाणी प्यायले, आणि तिथूनच विचारलं, "बरा आहे का तो?"

तेव्हापासून आमचं रुटीन बसलंय. सूज उतरलीय. परवा चक्क माझ्यावर खेकसले, म्हणजे बरं वाटतंय. आता मागे बसून सूचना देतात, खड्डा आला, डावीकडे घे, हॉर्न दे. इतकी वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस, गप्प बसवत नसेल. मीही ऐकते. तेवढाच त्यांना मान.

एकच. उतरताना इंजिनाकडून बारीक किणकिण येते. चढताना येत नाही. खाली पोचेपर्यंत जरा वाढते आणि सपाटीला लागलं की जाते. काय असेल? मला लिहून सांगता येत नाही कसला आवाज. तुम्ही असतात तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. एक रविवार या ना.

तुमची पुतणी


८ एप्रिल

वॉशरबाई,

चेन आहे. तुला सांगितलं होतं सैल पडेल. चढताना ती ताणलेली असते म्हणून गप्प, उतरताना ढिली पडते आणि वाजते. नव्या चेनी पहिल्या महिन्यात लांबतातच. बोटाने वर-खाली करून बघ, बोटभर हलली पाहिजे, त्याहून जास्त नको. चाक सरकव आणि विसर.

आणि पट्टा सोडू नकोस. चढताना नाही तसा उतरतानाही नाही. इंजिन फिरतं ठेवलंस की वळण संपल्यावर ती तयार असते, झोपलेल्या इंजिनाला उठवत बसावं लागत नाही.

रविवारचं जमणार नाही. सारखं विचारू नकोस.

दादाला सांग मी मजेत आहे.

काका


२ मे

धाकट्या,

हे पत्र मी लिहितोय हे पोरीला माहीत नाही. तिचा डावा हात मनगटातून मोडलाय. प्लास्टर आहे. मला खरचटलं, बाकी काही नाही. तिला वाटतं गाडीची चूक किंवा तिची. तू तिला गाडीबद्दल काय काय लिहिलंस ते तिने मला वाचून दाखवलं. त्यात चूक दिसली नाही. म्हणून जे झालं ते सांगतो.

घाट उतरताना मी तिला मागून सांगायचो. दुसऱ्या गिअरमध्ये टाक, रेस पूर्ण सोड, ब्रेकला हात लावू नको, गाडी इंजिनावर उतरू दे. ट्रक मी असाच उतरवला सगळा जन्म. ब्रेक तापून गेलेले ट्रक मी दरीत बघितलेत. मला तेवढं एकच येतं आणि तेच तिला दिलं. ती ऐकायची.

परवा मधल्या वळणाच्या वर इंजिन एकदम धरलं. आवाज नाही, काही नाही. मागचं चाक जागच्या जागी आवळलं आणि आम्ही घसरत कठड्यापर्यंत गेलो. पोरगी माझ्याखाली होती.

असं का झालं ते तुला कळेल. मला कळत नाही. पण उतारावर ती माझंच ऐकत होती.

आता खाणीतला एक जण त्याच्या गाडीवर नेतो, त्याला जमलं तर. या आठवड्यात एकदाच जमलं. मी पोरीला सांगितलंय, तिनेच काय ते जगावं, माझं पुरे झालं. ती ऐकत नाही, प्लास्टर घेऊन गाडी काढायला निघाली होती. तू तिला लिही. तुझं ऐकेल.

तुझा पाय कसा आहे?

दादा


९ मे

वॉशरबाई,

दादाचं पत्र आलं. त्याने लिहिलं हे तुला माहीत आहे असं त्याला कळू देऊ नकोस. आता शेवटपर्यंत वाच आणि मध्ये रडू नकोस.

तुझी चूक नाही. ट्रकमध्ये ऑइल खाली टाकीत वेगळं असतं, रेस सोड नाहीतर धर, ते फिरतच राहतं. आपल्या गाडीला ऑइल फक्त पेट्रोलमधून मिळतं. रेस सोडली की पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. आणि उतारावर चाक इंजिनाला फिरवत असतं, कोरडंच. त्यात मी बारा दात लावायला सांगितले, म्हणजे त्याच वेगाला इंजिन आणखी जोरात फिरणार. वर पट्टा सोडू नको म्हणून दामटून लिहिलं. पिस्टन तापला, फुगला आणि सिलिंडरला चिकटला. माझ्या शेडमधल्या कोणालाही हे सांगावं लागत नव्हतं. उतरताना मधून मधून जराशी रेस द्यायची, चिमूटभर, की पिस्टनला ऑइल मिळतं. आणि दोन बोटं कायम क्लचवर, इंजिन धरलं तर लगेच दाबायला. मला वाटलं हे तुला येतंच. दादाला वाटलं इंजिन ते इंजिन.

आम्ही दोघांनी आपापलं बरोबर सांगितलं. एका खोलीत बसून एकदा बोललो असतो तरी त्याने मला सांगितलं असतं आणि मी त्याच्या अंगावर ओरडलो असतो, आणि तुझा हात धड राहिला असता.

आता दुसरं. किणकिण चेनची नव्हती. पिस्टनची होती. मला ती कधीही ओळखता आली असती, दुसऱ्या गल्लीतून. पण मला ऐकू येत नाही. डावा कान आधी गेला, उजवा गेल्या वर्षी. सगळा जन्म उघड्या सायलेन्सरजवळ डोकं घातलं, त्याचं हे फळ. फोन उचलला की मला फक्त भिंत ऐकू येते. म्हणून मी येत नव्हतो. तू म्हणालीस एकदा आवाज ऐकून जा, आणि मला ते सांगायची लाज वाटली. तुझ्या हाताहून ती लाज मोठी होती असं आता म्हणता येईल का, मला माहीत नाही.

मी येतोय. मालकाला सांगून टाकलं. सिलिंडर घासून नवा पिस्टन घालतो, दादाला मी नेतो. आवाज नसला तरी हँडलमधून आणि टाकीला लावलेल्या गुडघ्यातून इंजिन कळतं मला, त्याची काळजी नको. पण दादाला कानाचं सांगायचं नाही. बहिऱ्याच्या मागे तो बसणार नाही, घरी बसून मरेल. माणूस समोर असला की मी ओठ वाचतो, बऱ्यापैकी वाचतो. त्याला कळणार नाही. शब्द दे मला.

काका


१८ सप्टेंबर

वॉशरबाई,

बस सुरू झाली, माझं काम संपलं, म्हणून निघालो. तू म्हणालीस राहा. तुझं घर दोन खोल्यांचं आणि आम्ही दोघं त्यात आडवे-तिडवे. दुकानही माझी जागा दुसऱ्याला देणार होतं.

तुला एक विचारायचं राहिलं. तोंडाने विचारवत नव्हतं.

घरात आमचं पूर्वीसारखंच होतं, पाणी दे आणि दार लाव. समोर बसून दादा कधी दोन वाक्यांच्या वर बोलला नाही, तू बघितलंसच. पण गाडीवर बसला की बोलायचा. घाट लागला की सुरू. हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायचा आणि बोलत राहायचा, खाली हॉस्पिटल येईपर्यंत. परत येताना थकलेला असायचा तरी बोलायचा. मला पाठीवर त्याचा श्वास कळायचा, मध्ये थांबायचा ते कळायचं. एकदा हसला, तेही कळलं. एकदा बराच वेळ कपाळ टेकून होता आणि माझा शर्ट ओला झाला.

एक शब्द ऐकू आला नाही. मान हलवावी तर चुकीच्या जागी हलेल आणि सगळं बाहेर पडेल, म्हणून मी दगडासारखा बसून गाडी चालवली. पहिले काही दिवस वाटलं, रस्ताच सांगत असेल, डावीकडे घे, खड्डा आला. पण रस्ता सांगणारा माणूस रडत नाही.

तू त्याला विचार, सहज म्हणून, काय सांगत होतास काकाला. मी विचारलंय म्हणालीस तरी चालेल. का विचारलं ते सांगू नकोस.

काका


११ ऑक्टोबर

काका,

तुम्ही आलात, चार दिवस राहिलात, आणि मला तुमच्या समोर हे सांगता आलं नाही. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात, मला तोंड उघडायचीच भीती वाटत होती. म्हणून लिहितेय.

तुमचं पत्र आलं तेव्हा बाबांना वॉर्डात भरती केलेलं होतं. बसने जायला लागल्यापासून ते चिडचिडे झाले होते. कित्येकदा बसमध्ये चढायचेच नाहीत, डायलिसिस चुकायचं, "धाकट्याला बोलाव, मला हे डबडं नको" म्हणायचे. मला वाटलं हट्ट आहे. मग पाणी छातीत गेलं.

संध्याकाळी मी पलंगाजवळ बसले आणि तुम्ही सांगितलंत तसं सहज विचारलं. म्हटलं, काका विचारत होते, गाडीवर तुम्ही त्यांना काय सांगत होतात?

ते उठूनच बसले. "त्याने विचारलं?" म्हणाले. "म्हणजे ऐकत होता तर." आणि मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला सहन होईना. म्हणाले, "मग एकदा नुसतं हं तरी म्हणायचं. मी सगळा पावसाळा बोललो त्याच्याशी. हत्यारांपासून सगळं. एकदा मान हलवली नाही त्याने. मी म्हटलं, नसेल माफ करायचं तर जबरदस्ती थोडीच आहे. नेतोय ना प्रत्येक वेळी, तेवढं पुष्कळ झालं."

काका, इतके महिने ते हे मनात घेऊन तुमच्या मागे बसत होते. प्रत्येक खेपेला.

मी शब्द मोडला. मला तुमची माफी मागायची नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. मी म्हटलं, बाबा, काकांना ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. तुम्ही मागे बसणार नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, नर्स धावत आली, मास्क लावला. मास्क बाजूला करून म्हणाले, "म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगायला लागणार." मी म्हटलं मला सांगा, मी लिहून त्यांना पाठवते, अक्षर न् अक्षर. तर म्हणाले, "तुला कशाला? ते आमचं आहे. त्याला बोलाव, समोर बसव." मग मी तुमच्या दुकानात फोन केला आणि मालकाने तुम्हाला तो निरोप दिला.

निरोप दिल्याचं सांगितलं तसे ते शांत झाले. विचारलं, "ओठ वाचतो म्हणालीस ना? हळू बोललं की वाचता येतं?" मी हो म्हटलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं आणि पहाटेपर्यंत आवाज न काढता, एक एक शब्द लांबवून, तुम्हाला कळेल असं बोलायचा सराव करत होते. मध्येच चुकायचे, थांबायचे, तेच वाक्य पुन्हा घ्यायचे. मी पलंगाच्या त्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी मला हाकललं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, त्यांचे ओठ कायमचे थांबेपर्यंत, एक क्षणही नजर हलवली नाही.

मला ओठ वाचता येत नाहीत, काका.

तुमची पुतणी